माळ्यावरच्या डब्यात कुत्र्यांचे जुने फोटो सापडलेत, साल आणि नाव शोधायला मदत हवी

लालबागची_वेदा:

नमस्कार मंडळी. आमची लालबागची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, पुढच्या महिन्यात खोली रिकामी करून द्यायचीय, म्हणून गेले दोन रविवार मी आणि बाबा माळा आवरतोय. आजीचा एक पत्र्याचा बिस्किटाचा डबा मिळाला, आम्हाला वाटलं शिवणाचं सामान असेल, उघडला तर फोटो. बरेचसे लग्नातले, बारशातले, पण त्यात चार फोटो असे निघाले की ज्यात कुत्रा आहे आणि मी तेच घेऊन बसलेय. आजी दोन वर्षांपूर्वी गेली. बाबा घरात सगळ्यात धाकटे, त्यांना एवढंच आठवतं की "होता बहुतेक एक कुत्रा".

फोटो टाकता येत नाहीयेत, साइज मोठी येते म्हणतंय, म्हणून वर्णन लिहिते.

पहिला जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, पिवळट तपकिरी, साधारण पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा. पगडीवाले एक गृहस्थ खुर्चीत, मागे रंगवलेला पडदा, पायाशी काळा कुत्रा. कुत्र्याचं अंग नीट दिसतं पण तोंड हललेलं, दोन तोंडं असल्यासारखं वाटतं. डोळ्यांच्या वर दोन फिकट ठिपके मात्र कळतात. हे आमचे कुणी पूर्वज की पणजोबा ज्यांच्याकडे कामाला होते ते शेठ, काही माहीत नाही.

दुसरा छोटा, कडा कातरल्यासारख्या नागमोडी. नऊवारीतली पणजी गॅलरीत उभी आणि बाजूला उभ्या कानांचा मोठा कुत्रा, गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला गोल काहीतरी.

तिसरा चौकोनी, चाळीच्या गच्चीवर बाबा सातआठ वर्षांचे असतील, एका साध्या गावठी कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून. कुत्र्याचा उजवा कान दुमडलेला.

चौथा पण तसाच चौकोनी, त्यात माणूसच नाही, नुसता कुत्रा, जिन्याच्या पायरीवर बसलाय. हा तिसऱ्यातलाच वाटतो पण ह्याचा डावा कान दुमडलेला आहे म्हणजे दुसरा असणार.

मागे कशावरच काही लिहिलेलं नाही. माणसांच्या फोटोंमागे आजीने दुसऱ्यांकडून नावं लिहून घेतलीत, ह्या चारांमागे काही नाही. साल कसं ओळखायचं? आणि त्या काळात आपल्यासारख्या दहा बाय बाराच्या खोलीतली माणसं कुत्री पाळायची का, आणि पाळली तरी फोटो काढण्याइतकी? मला खरंच जाणून घ्यायचंय.

डार्करूम_नाना:

वेदाताई, आधी हात जोडून एक सांगतो, पहिला फोटो पुठ्ठ्यावरून सोडवायला जाऊ नका. ओल्या फडक्याने पुसू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला किंवा पाठीमागे स्टुडिओचं नाव छापलेलं असतं, पुसट झालं असेल तर बॅटरीचा प्रकाश तिरका मारून बघा, दाबून उठवलेली अक्षरं तशीच दिसतात.

आता कुत्र्याच्या दोन तोंडांबद्दल. मुंबईत फोटोग्राफी फार लवकर आली, १८५४ मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी त्यात होते, हरिश्चंद्र चिंतामण ह्यांच्यासारखे आपले लोक धंदा म्हणून फोटो काढायला लागले होते. पण तेव्हाची पद्धत ओल्या काचेची. काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं आहे तोवर कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा, आणि प्लेट उघडी ठेवायची ती कित्येक सेकंद. माणसाच्या मानेमागे लोखंडी आधार लावून त्याला स्थिर बसवता यायचं, तो फोटोत दिसत नाही, कुत्र्याला कोण लावणार? म्हणून जुन्या फोटोतली कुत्री बहुतेक बसलेली नाहीतर झोपलेली असतात, आणि अंग स्थिर असलं तरी मालकाने हाक मारली किंवा बाहेर घोडागाडी गेली की मान वळते. तुमच्या फोटोतलं तोंड असंच वळलेलं आहे. कुणीतरी त्याला नावाने हाक मारली असणार असं मला तरी वाटतं.

१८८० च्या दशकात कोरड्या प्लेटी सर्रास झाल्या, मग वेळ कमी लागायला लागला. तुम्ही सांगताय तो आकार कॅबिनेट कार्डाचा वाटतो, साधारण सव्वाचार बाय साडेसहा इंची पुठ्ठा, तो १८६६ च्या सुमारास आला आणि विसावं शतक सुरू होईस्तोवर चालला. तेव्हा पहिला फोटो मी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या तीस वर्षांतला धरेन, ह्याहून बारीक साल पुठ्ठ्यावरच्या नावावरूनच कळेल.

नागमोडी कडा म्हणजे १९३० पासून १९६० पर्यंतचा काळ, मागे कागदाच्या कंपनीचं नाव फिकट छापलेलं असतं ते बघा.

चौकोनी दोन्ही रोलवरचे. एकशेवीस नंबरचा रोल, त्यात चौकोनी फोटो बाराच निघायचे. ॲग्फा क्लिक थ्री नावाचा काळा डबा कॅमेरा आपल्याकडे घराघरात होता, नाहीतर शेजाऱ्याचा मागून आणायचा. वेदाताई, बारा फोटो म्हणजे किती ते आजच्या मुलांना सांगून कळणार नाही, लग्नाचं, गणपतीचं, गावच्या जत्रेचं सगळं त्या बारात बसवायचं, रोल धुवायचे पैसे वेगळे आणि प्रिंटचे वेगळे. त्यातला एक अख्खा फोटो तुमच्या घरच्यांनी नुसत्या कुत्र्यासाठी घातलाय, शेजारी माणूससुद्धा उभा केलेला नाही. चाळीतल्या माणसांचं कुत्र्यावर प्रेम होतं का ह्याचं उत्तर मला वाटतं तुमच्या डब्यातच आहे.

आणि कान. तिसऱ्या फोटोत बाबांच्या शर्टाला खिसा आहे का? तो कुठल्या बाजूला आहे ते बघून सांगा.

हिंदू_कॉलनी_वाचनालय:

छान धागा. वेदा, तुझ्या दुसऱ्या प्रश्नावर एक फोटो आठवला, तू पण पाहिला असशील पण कुत्र्याकडे लक्ष गेलं नसेल. दादरच्या हिंदू कॉलनीतल्या राजगृहात फेब्रुवारी १९३४ मध्ये काढलेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा कुटुंबासोबतचा फोटो. त्यात यशवंतराव आहेत, बाबासाहेब, रमाबाई, बाबासाहेबांच्या थोरल्या भावाच्या पत्नी लक्ष्मीबाई, पुतणे मुकुंदराव, आणि टॉबी. टॉबी म्हणजे बाबासाहेबांचा लाडका कुत्रा. फोटोखाली जी नावं छापतात त्यात माणसांच्या नावांना लागून टॉबीचं नाव असतं.

मला हे फार मोठं वाटतं. मी लहानपणापासून तो फोटो कॅलेंडरवर, पुस्तकात, जयंतीच्या बॅनरवर बघत आलोय, पण बॅनरवाले खूप वेळा फोटो कापतात आणि टॉबी जातो, म्हणून मला कितीतरी वर्षं माहीतच नव्हतं. हा फोटो काढल्यावर सव्वा वर्षात, मे १९३५ मध्ये रमाबाई गेल्या. त्या घरातलं साधं घरपण दाखवणारे फोटो आधीच थोडे, त्यात हा एक, आणि त्यात टॉबी आहे. कुणीतरी त्या कुत्र्याचं नाव लक्षात ठेवलं, लिहून ठेवलं, म्हणून नव्वद वर्षांनी आपण त्याला टॉबी म्हणतो, नाहीतर तो पण "होता बहुतेक एक कुत्रा" झाला असता.

तेव्हा वेदा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आत्ता फोन कर. स्कॅन वगैरे नंतर होईल. आजीची बहीण, आत्या, जुने शेजारी, कुणीही. फोटो व्हॉट्सॲपवर पाठव आणि लगेच फोन लाव, कारण नुसता फोटो पाठवला की लोक अंगठा दाखवून मोकळे होतात, आवाज ऐकला की आठवतं.

पारशी_कॉलनी_शेजार:

पहिल्या फोटोतल्या ठिपक्यांवर मी अडकले. आमचं बालपण दादरच्या पारशी कॉलनीच्या शेजारी गेलं त्यामुळे हे कानावर आहे. पारशी धर्मात कुत्र्याला फार मान, माणूस गेल्यावर त्याच्याजवळ कुत्रा आणून त्याची नजर पडू देतात, त्याला सगदीद म्हणतात, आणि त्यासाठी डोळ्यांवर दोन ठिपके असलेला कुत्रा उत्तम, चार डोळ्यांचा कुत्रा म्हणतात त्याला. आता ठिपके आहेत म्हणजे फोटो पारशी घरातला असं मी म्हणत नाहीये, असे ठिपके कितीतरी गावठी कुत्र्यांना असतात. पण पगडीचा आकार नीट बघ. पारशी पगडी उंच आणि मागे झुकलेली, चकचकीत, तिला चुण्या नसतात, आपली पुणेरी किंवा प्रभू मंडळींची वेगळी. पगडीवरून शेठ की पूर्वज हा प्रश्न बहुतेक सुटेल.

आणि ह्याच शहरात कुत्र्यांवरून दंगल झालीय, माहितेय का? जून १८३२ मध्ये. सरकारने मोकाट कुत्री मारायचा हुकूम काढला होता, एका कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. आठ आण्यांसाठी शिपाई लोकांच्या दारातली, घरातली पाळलेली कुत्रीसुद्धा ओढून न्यायला लागले. फोर्टात पारशी रस्त्यावर उतरले, दुकानं बंद, हिंदू, जैन, मुसलमान व्यापारीही सामील झाले, आणि लष्कर बोलवावं लागलं. फोटोग्राफीचा शोध जगाला कळला तो १८३९ मध्ये, म्हणून ह्या सगळ्याचा एकही फोटो नाही. मला नेहमी वाटतं की ज्या कुत्र्यांसाठी लोकांनी पोलिसांना अडवलं त्यांचा एक तरी फोटो असता तर.

परळचं बैलघोडा हॉस्पिटल तर सगळ्यांना माहीत आहे, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट ह्यांच्या नावाचं, एकोणिसाव्या शतकातलं. तू लालबागची म्हणजे तुझ्या घरातला कुठला पण कुत्रा आजारी पडला तर तिथेच नेला असणार.

बीडीडी_काका:

पोरी, तुझा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलो, वय वर्षं एकाहत्तर, मोबाईलवर टाइप करायला वेळ लागतो तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घे.

चाळीत कुत्रा पाळायचे का विचारतेस. चाळीत कुत्रा एका घराचा नसायचा, मजल्याचा असायचा. आमच्या मजल्यावर मोत्या होता. सकाळी आमच्याकडे चहात बुडवलेला पाव, दुपारी समोरच्या मावशीकडे भात आणि सुकटीचं कालवण, रात्री ज्याच्याकडे मटण झालं असेल त्याच्याकडे. झोपायला कॉमन गॅलरीत नळाजवळ, कारण तिथली फरशी गार. रात्रपाळीवाले घरी यायचे तेव्हा मोत्या जिन्याच्या तोंडापर्यंत जाऊन एकेकाला दारापर्यंत सोडायचा, आणि कधी तो भुंकला तर अख्खा मजला उठायचा, अनोळखी माणूस असल्याशिवाय तो भुंकायचाच नाही.

तुझ्या दुसऱ्या फोटोतला गळ्यातला गोल तुकडा म्हणजे बिल्ला. म्युनिसिपालिटीचं कुत्र्याचं लायसन काढलं की नंबरचा बिल्ला मिळायचा, तो पट्ट्याला अडकवायचा. भिंग लावून नंबर दिसतो का बघ. हा बिल्ला म्हणजे शोभेची वस्तू नव्हती. कुत्री पकडणारी गाडी यायची, जाळीची, काठीला फास लावलेली माणसं, आणि गळ्यात काही नसलेला कुत्रा त्यात गेला की परत यायचा नाही. आम्ही पोरं गाडीचा आवाज ओळखायचो. ती नाक्यावर दिसली की पोरं धावत सुटायची आणि जे हाताला लागेल ते कुत्र्यांच्या गळ्यात बांधायची, जुना पट्टा, सुतळी, परकराची नाडी, एकदा माझ्या बहिणीने स्वतःची शाळेची लाल रिबीन बांधली होती. दिसायला पाळीव दिसला पाहिजे एवढंच. मोत्याचा फोटो आमच्याकडे नाही. एका सत्यनारायणाच्या फोटोत कडेला शेपटी आहे ती त्याची, मी कुणालाही शपथेवर सांगेन.

उभ्या कानांचा मोठा म्हणजे अल्सेशियन. जर्मन शेफर्डला तेव्हा अल्सेशियनच म्हणायचे, पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना जर्मन नाव नको होतं म्हणून हे नाव पडलं आणि आपल्याकडे तेच रुळलं. असा कुत्रा चाळीत क्वचित, मिलमधल्या कुणा साहेबाने जाताना दिलेला असू शकतो, पण ते घरच्यांनाच विचार. पांढऱ्या केसाळ कुत्र्याला सगळे पामेरियन म्हणायचे, त्यातले बहुतेक खरे स्पिट्झ. त्या पलीकडची नावं आमच्या वेळी कुणाला माहीत नव्हती, पग वगैरे तर २००३ च्या त्या मोबाईलच्या जाहिरातीनंतर लोकांना कळले.

निगेटिव्ह_पॉझिटिव्ह:

नानांना एक दुरुस्ती. चौकोनी फोटो म्हणजे साठचं दशक असं कुणी धरून चालू नये. क्लिक थ्री आपल्याकडे फार उशिरापर्यंत वापरात होता, आमच्या घरी १९८० नंतरचे सुद्धा चौकोनी काळेपांढरे फोटो आहेत कारण रंगीत रोल आणि त्याचं धुणं परवडायचं नाही. वेदा, बाबांचा जन्म कधीचा? त्यांचं वय सातआठ म्हणतेस तर कॅमेऱ्यापेक्षा तेच जास्त पक्कं.

स्कॅन करताना साध्या फोटोंना सहाशे डीपीआय ठेव, पुढची मागची दोन्ही बाजू, मागे काही नसलं तरी. मोबाईलने काढणार असशील तर फ्लॅश बंद, खिडकीजवळ, ऊन थेट नको. आणि फोटो त्या बिस्किटाच्या डब्यात परत घालू नकोस, मुंबईच्या दमट हवेत आत गंज आणि बुरशी दोन्ही, वर कसर लागते. चिकट पानांचे प्लॅस्टिकवाले अल्बम सगळ्यात वाईट, फोटो निघतच नाही मग. साधे कागदी कोपरे लावायचे आणि काळ्या जाड कागदाचा अल्बम.

डार्करूम_नाना:

निगेटिव्ह_पॉझिटिव्ह, बरोबर आहे तुमचं, मी साल लिहिलं नव्हतं पण माझ्या मनात साठच होतं. जन्मसालच धरा.

लालबागची_वेदा:

सगळ्यांना एकत्र उत्तर देते, पाच दिवस लागले.

नाना, बाबांचा खिसा उजवीकडे आहे! मी घरातले सगळे शर्ट काढून बघितले, सगळ्यांचा डावीकडे. म्हणजे तिसरा फोटो छापतानाच उलटा छापला गेलाय ना? मग तो कान पण खरा डावाच, आणि दोन्ही फोटोत एकच कुत्रा. मी बाबांना दाखवलं तर ते बराच वेळ आपला शर्ट बघत बसले.

हिंदू कॉलनीवाले दादा, तुमचं ऐकून त्याच रात्री अंबरनाथच्या आत्याला फोटो पाठवला आणि लगेच फोन लावला. तिने फोटो उघडला आणि मला काही विचारूच दिलं नाही, "अगं ही लाली!" म्हणाली. कुत्रा नाही, कुत्री. आणि मग एक तास ती बोलत होती.

बाबांचा जन्म १९७४ चा, आत्या त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठी. लाली आमच्या मजल्याचीच, काकांच्या मोत्यासारखी, पण झोपायची आमच्या खाटेखाली कारण बाबा तिला आत घ्यायचे आणि आजी ओरडून ओरडून थकली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. आजोबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. आधी सगळ्यांना वाटलं महिनाभरात मिटेल, मग दुकानदाराने उधारी बंद केली, मग आजीच्या पाटल्या गेल्या, मेमध्ये शाळा संपल्यावर आजोबांनी ठरवलं की सगळ्यांनी गावी जायचं, कणकवलीच्या बाजूला आमचं थोडं भाताचं शेत आहे. लालीला एसटीत घेऊन जाता येणार नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी खालच्या मजल्यावरचा एक मुलगा, त्याचे मामा आखातात होते त्यांनी त्याला कॅमेरा दिला होता, तो निरोपाचे फोटो काढत होता कारण त्या आठवड्यात चाळीतली चार घरं गावी निघाली होती. बाबांचा लालीबरोबर काढला तो तिसरा. रोलमध्ये एक उरला होता. आत्या म्हणते सगळ्यांना वाटलं आजीआजोबांचा जोडीने काढू, तर आजीच म्हणाली, "आमचा काय काढता, आम्ही काय कुठे जातोय, तिचा काढा." लाली तेव्हा जिन्यावर बसली होती कारण सकाळपासून ट्रंका बांधलेल्या बघून ती जिना सोडत नव्हती.

तो मुलगा प्रिंट पोस्टाने गावी पाठवणार होता पण ते आले ते दीड वर्षाने, ही माणसं परत आली तेव्हा त्याने हातात दिले. लाली तोवर नव्हती. शेजारच्या काकूंनी तिला सांभाळलं होतं, त्या पावसाळ्यात कधीतरी गेली, कशी ते आत्याला कुणी नीट सांगितलं नाही, आणि बाबा लहान म्हणून त्यांच्यासमोर तिचं नाव काढायचं नाही असं आजीने घरात सांगून ठेवलं होतं. म्हणून बाबांना "होता बहुतेक एक कुत्रा" एवढंच राहिलं. आत्या म्हणाली आजीला लिहिता येत नव्हतं, माणसांची नावं ती सगळ्यांसमोर कुणाकडून तरी लिहून घ्यायची, हे नाव तिने कुणाकडून लिहून घेतलं असतं?

बाबा बाजूलाच बसले होते, फोन स्पीकरवर होता.

दुसऱ्या फोटोबद्दल आत्याला एवढंच माहीत आहे की तो कुत्रा पणजीचा नव्हताच, समोरच्या बिल्डिंगमधल्या एका फोरमनचा, पणजीला त्याची भीती वाटायची आणि तरी फोटो काढायला उभी राहिली. बिल्ला आहे काका, नंबर भिंगाने पण लागत नाही, मधे ओरखडा आहे.

पहिल्याचं अजून कळलं नाही. पगडी उंच आणि मागे झुकलेली आहे, चुण्या दिसत नाहीत, म्हणजे शेठच असावेत. पुठ्ठ्याच्या खाली "बॉम्बे" एवढं तिरक्या उजेडात दिसलं आणि त्याच्या आधी काहीतरी लांब नाव आहे, पहिली दोन अक्षरं कसरीने खाल्लीत. रविवारी स्कॅनरवर टाकून इथे जोडायचा प्रयत्न करते, नाना तुम्ही बघाल का?

आणि एक विचारायचं होतं, फोटोच्या मागे पेनने लिहिलं तर शाई पुढे उमटते ना? बाबांना लालीच्या फोटोमागे स्वतः लिहायचंय, दोन दिवस झाले डबा त्यांच्या उशाशी आहे.

डार्करूम_नाना:

पेन नको. मऊ शिसपेन्सिल घ्या, टू बी, फोटो काचेवर पालथा ठेवा आणि अजिबात दाब न देता कडेला लिहा. नाव, जागा, मे १९८२. बाबांना म्हणावं सावकाश लिहा. पहिला फोटो रविवारी टाका, मी बघतो.